खाली पेटेतली टकटक

चाळिशी उलटल्यावर रूपश्रीने पुन्हा नोकरी धरली. मधली बरीच वर्षं तिने नवऱ्याच्या बदल्यांमागे घालवली होती. सुनीलकुमार बँकेत होते, दावणगेरे, बळ्ळारी, हुबळी असं फिरून बिऱ्हाड परत बेंगळुरूला आलं, मुलगी कॉलेजात गेली, आणि एका सकाळी डबे भरता भरता रूपश्री म्हणाली, "मी पण जाते आता कामाला." सुनीलकुमार म्हणाले, "सरी, जा की." तेवढ्यावर विषय मिटला.

ती मूळची बेंगळुरूचीच. वडील नरसिंहराव यांचं चिकपेटेत काठ, लेस आणि जरीचं दुकान होतं. घराणं रंगाऱ्यांचं, कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. नक्की कधी, ते घरात प्रत्येक जण वेगळं सांगे. पुण्याचे पाहुणे आले की यांचं मराठी ऐकून हसत. "स्वल्प सरक की" हे मराठी नव्हे, हे रूपश्रीला शाळेत गेल्यावर कळलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन तिने लग्नाआधी टेलिफोनच्या जाळ्यावर काही वर्षं काम केलं होतं. त्या ओळखीवर तिला व्हाइटफील्डमधल्या एका छोट्या कंपनीत जागा मिळाली. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यांवर लक्ष ठेवायचं, कुठे चोर शिरला तर सावध करायचं, हा त्या कंपनीचा धंदा. बाकी सगळी पोरं तिच्या निम्म्या वयाची. पहिले काही दिवस ती तिला मॅडम म्हणत, मग अक्का म्हणायला लागली.

तिला दिलं गेलं ते काम कुणालाच नको होतं. तिची वरिष्ठ संध्या म्हणाली, "अक्का, आपल्याकडे काही हजार पत्ते आहेत, ज्यांवर एकही कॉम्प्युटर नाही. तिथे काय येतं तेवढं बघायचं."

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. कंपनीने असे पत्ते विकत घेऊन मुद्दाम रिकामे ठेवले होते. तिथे साइट नाही, फोन नाही, कॅमेरा नाही. ते पत्ते कुणाला दिलेले नाहीत, कुठे छापलेले नाहीत. म्हणजे तिथे कुणी येण्याचं कारणच नव्हतं. रूपश्रीने नोंद घेणारा प्रोग्राम सुरू केला आणि आता वाट बघत बसावं लागणार म्हणून पिशवीतून विणकाम काढलं.

सुई उचलेपर्यंत स्क्रीन भरून वाहायला लागला. पोतं फुटून तांदूळ सांडावा तशा ओळी खाली येत होत्या. ब्राझीलमधून कुणीतरी, व्हिएतनाममधून कुणीतरी, पोलंडमधून, तुमकुरूहून, अगदी याच शहराच्या दुसऱ्या टोकाकडून. एकेक पत्ता येऊन रिकाम्या दारावर टकटक करी, आतून उत्तर आलं नाही की शेजारच्या दाराकडे वळे. एका दारावर कॅमेऱ्याची चौकशी, दुसऱ्यावर प्रिंटरची, तिसऱ्यावर जुन्या कुलपाची.

"हे लोक कोण आहेत?" तिने संध्याला विचारलं.

"लोक नाहीत, अक्का. बहुतेक सगळे बिघडवलेले कॉम्प्युटर आहेत. कुणीतरी आत शिरून त्यांना कामाला लावलंय. मालकांना पत्तासुद्धा नसतो. तो बघ, तो कुठल्यातरी शाळेचा आहे. हा हॉटेलचा कॅमेरा. हे कुणाचं तरी घरचं वायफाय."

रूपश्री दुपारभर नुसती बघत राहिली. विणकाम मांडीवर तसंच पडलं, चहावर साय धरली. जी घरं बांधलेलीच नाहीत त्यांची दारं सारं जग वाजवत होतं. वाजवणाऱ्याला ठाऊक नव्हतं आपण वाजवतोय, आणि ऐकायला या खोलीतली ती एकटी होती. संध्याकाळी घरी येऊन तिने हे सुनीलकुमारांना सांगितलं.

ते म्हणाले, "मग त्यांना कळवत का नाही?"

"कुणाकुणाला कळवू? समुद्रकाठी उभं राहून लाटांना नावं विचारल्यासारखं आहे ते."

त्या रिकाम्या पत्त्यांना तिने नाव दिलं खाली पेटे. चिकपेटे, बळेपेटे, तशी ही रिकामी पेठ. कन्नडमध्येही खाली म्हणजे रिकामंच, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना ते आवडलं आणि तेच रुळलं. वर्षं गेली. कंपनीची जागा वाढली, संध्या कॅनडाला गेली, रूपश्रीच्या कानांवर केस पांढरे झाले, पण खाली पेटे तिच्याकडेच राहिली. दुसऱ्या कुणी मागितलीही नाही. आता तिला टकटकीवरून टकटक करणाऱ्याची जात कळे. कुणी धसमुसळा सगळ्या दारांवरून धावत जाई, कुणी उड्या मारत जाई, कुणाला एकाच कंपनीचे कॅमेरे हवे असत. नवी साथ आली की बातमी येण्याआधी खाली पेटेत तिची चाहूल लागे.

मग एकदा निपाणीकडच्या योगीराजने सहज विचारलं. तो नवीनच रुजू झाला होता. ऑफिसात इंग्रजी, कॅबमध्ये हिंदी आणि रूपश्रीशी हक्काने मराठी बोले. जेवताना तो म्हणाला, "अक्का, बाहेर एवढं वाजतंय. आत कोण वाजवत असंल?"

"आत म्हणजे?"

"आपल्या गिऱ्हाइकांच्या आतल्या जाळ्यात. हॉस्पिटल, कारखाने. तिथंबी रिकामे पत्ते असतातच की."

रूपश्रीचा घास हातातच राहिला. बाहेरच्या पेठेत सगळं जग येत होतं, तिथे गर्दीतून एक चोर ओळखणं कठीण. पण हॉस्पिटलच्या आतल्या जाळ्यात बाहेरचा माणूस येऊच शकत नाही. तिथलं रिकामं दार कुणी वाजवलं, तर वाजवणारा घरातलाच, आणि बिघडलेला. तिने महिनाभर साहेबांच्या मागे लागून परवानगी काढली आणि दोन-तीन गिऱ्हाइकांच्या आतही छोट्या छोट्या खाली पेटा मांडल्या.

त्यात एका धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. मोठी इमारत इंदिरानगरात, दुसरी होसकोटेला, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी. तिथे बहुतेक कामगारांची बायकापोरं येत. जाळं दोन्हींचं मिळून एकच. इमारती वाढत गेल्या तसं तेही वाढत गेलेलं, मध्ये कुठे भिंत नाही.

हॉस्पिटलच्या खाली पेटेत काही महिने शांतता होती. अधूनमधून एखादा ठिपका दिसे. कुणी पत्ता चुकीचा टाइप केला, एखाद्या यंत्राने जुना पत्ता आठवून हाक मारली, असं सगळीकडे होतंच. धोक्याची घंटा वाजायची ती थोड्या वेळात खूप दारं वाजली तर. इथे तसं काहीच नव्हतं.

रूपश्रीला मात्र एक सवय होती. ती ठिपक्यांचं चित्र काढून बघे. आडवा काळ, उभे पत्ते, एकेका टकटकीचा एकेक ठिपका. धसमुसळ्या चोराची त्यात सरळ उभी रेघ उमटते. त्या दिवशी तिने हॉस्पिटलचे कित्येक आठवडे दाबून एकाच स्क्रीनवर बसवले. सहा वेगवेगळ्या यंत्रांकडून आलेले ठिपके सहा रंगांत, इकडे तिकडे पडलेले. रांगोळीच्या डब्या लवंडाव्यात तसे. तिला ते रंग डोळ्यांना टोचले, म्हणून तिने सगळ्यांना एकच रंग दिला.

स्क्रीनवर रेघ उभी राहिली. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे, मांजर चढणीवरून जावं तशी सावकाश जाणारी, एकही ठिपका बाजूला न पडलेली तिरकी रेघ.

तिने डोळे मिटले, उघडले. रेघ तिथेच होती.

"योगीराज, जरा इकडं ये बघू."

तो कॉफीचा कप घेऊन आला. थोडा वेळ उभ्यानेच बघत राहिला, मग खुर्ची ओढून बसला. "अक्का, ही रेघ तुम्ही काढली?"

"मी फक्त रंग पुसले."

त्याने सहा यंत्रं पुन्हा वेगळी केली, पुन्हा एकत्र केली. तीनदा तेच करून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "एकानं वाजवलेलं दार दुसरा वाजवत नाही."

"एकदाही नाही. मी तपासलं."

"म्हणजे वाटून घेतलंय."

"वाटून दिलंय कुणीतरी," रूपश्री म्हणाली.

तिला आधी भीती वाटायला हवी होती. ती नंतर आली. आधी वाटलं ते वेगळंच होतं. खाली पेटेत इतक्या वर्षांत तिने हजारो चोर बघितले होते, पण सगळे घाईतले. हा घाईत नव्हता. त्याने आपलं काम सहा हातांत वाटलं होतं आणि प्रत्येक हाताला सांगितलं होतं की इतकं सावकाश वाजव की वाजलं असं कुणाला वाटूच नये. कुठेतरी कुणीतरी, माणूस असो की माणसाने लिहिलेला प्रोग्राम, एका धर्मादाय हॉस्पिटलसाठी महिनोन्‌महिने इतका धीर धरून बसला होता. तिच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्यात, खोटं कशाला बोला, थोडा आदरही होता.

"आणि ही रेघ पुढं कुठं जाते?" योगीराजने विचारलं.

त्यांनी स्क्रीनवर पट्टी धरून रेघ पुढे वाढवली. येत्या आठवड्याच्या शेवटी ती पत्त्यांच्या एका झुपक्यावर पोचत होती. ते पत्ते कशाचे, ते विचारायला तिने हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख विनोदकुमार चव्हाण. दोन इमारतींचं सगळं जाळं सांभाळायला दोन माणसं, त्यातले एक ते. संभाषण इंग्रजीतच सुरू झालं.

पत्ते ऐकून त्यांनी आपली यादी चाळली. मग म्हणाले, ते होसकोटेच्या नवजात बाळांच्या विभागाचे. वेळेआधी जन्मलेली बाळं तिथे पेटीत ठेवतात, आणि प्रत्येकाचं हृदय, श्वास, सगळं एका मोठ्या पडद्यावर दिसतं. यंत्रणा फार जुनी, बनवणारी कंपनीही आता उरलेली नाही, पण चालते म्हणून ठेवली आहे.

"सरी," विचारात हरवलेली रूपश्री म्हणाली, "स्वल्प थांबा, लिहून घेते."

पलीकडून आवाज बदलला. "तुम्ही मराठी?"

"चिकपेटेतली."

"अय्यो, मी गवीपुरमचा. आधी सांगायचं की अक्का." आणि मग त्यांनी मराठीत सांगितलं ते इंग्रजीत सांगताना राहून गेलेलं. "त्या पडद्याला कुलूप तोडणारा चोर लागतच नाही. मागे एकदा आमच्याच माणसानं जाळं तपासायचा प्रोग्राम चालवला. नुसती दारं वाजवली होती हो, बाकी काही नाही. तेवढ्यानं तो पडदा गोठला. सगळ्या रेघा जागच्या जागी थांबल्या. सिस्टर लोकांनी एकेका पेटीपाशी उभं राहून हातानं नाडी धरून वेळ निभावली."

रूपश्रीने फोन ठेवला. आता भीती आली होती.

दुसऱ्या दिवशी ती होसकोटेला गेली. सहा यंत्रांतलं एक तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. बाह्यरुग्ण विभागाच्या दालनात भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्यावर टोकन नंबर येत. टीव्हीमागे वहीएवढा छोटा कॉम्प्युटर. तोच तो. दालन भरलेलं होतं. कडेवर पोरं, मांडीवर पिशव्या, कारखान्याच्या निळ्या शर्टातले बाप. चंद्राबाई नावाची अथणीकडची एक मावशी गर्दी आवरत होती, "वर बघा, वर बघा, नंबर वर येतंय."

रूपश्री एका बाकाच्या टोकाला बसली, कानात फोन. पलीकडे योगीराज व्हाइटफील्डला स्क्रीनपुढे. दोघं कितीतरी वेळ वाट बघत राहिले. मग तो म्हणाला, "आत्ता, अक्का. आत्ता वाजवलं त्यानं."

त्याच क्षणी टीव्हीवर नंबर बदलला. एक मुलगी बाळाला खांद्यावर टाकून उठली, समोरच्या म्हाताऱ्याने पाय आवरून तिला वाट दिली. दालनातले सगळे डोळे त्या पडद्यावर लागले होते, आशेने, कंटाळ्याने. त्यांच्या डोळ्यांदेखत तो पडदा त्यांचं काम इमानाने करत होता, आणि त्याच वेळी, एकही नंबर न चुकवता, दुसऱ्या कुणाचंतरी कामही करत होता. रूपश्री त्याच्याकडे बघतच राहिली. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. झोपेत चालणाऱ्या माणसावर कोण रागावतं?

तिथून ती वरच्या मजल्यावर गेली. सिस्टर पवित्राने तिला पायांवर चढवायला पिशव्या दिल्या, हात धुवायला लावले आणि आत नेलं. खोली उबदार होती, दिवे मंद. पेट्यांमध्ये मुठीएवढ्या डोक्यांची बाळं. आणि मधल्या टेबलावर तो जुना पडदा. प्रत्येक बाळाची एकेक हिरवी रेघ, उठत, पडत, उठत.

रूपश्रीने आयुष्यभर स्क्रीनवरच्या रेघा बघितल्या होत्या. अशा बघितल्या नव्हत्या. एक रेघ बाकीच्यांहून घाईत होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

पवित्राने बोट दाखवलं. पेटीवर चिठ्ठी होती, संयोगिताचं बाळ. "आईचं नाव लावतो. हिचं अजून ठेवलं नाही. अशा बाळांचं नाव लोक लवकर ठेवत नाहीत, घरी नेईपर्यंत थांबतात."

पेटीतल्या जिवाला अजून नाव नव्हतं, पण जाळ्यात तिला पत्ता होता, आणि तो तिरक्या रेघेच्या वाटेवर होता. रूपश्री काचेशी वाकली. आतली छाती चिमणीसारखी हलत होती. पडद्यावरची रेघ त्याच तालात. ती कितीतरी वेळ एकदा काचेत, एकदा पडद्यावर बघत राहिली. शेवटी पवित्रा म्हणाली, "मॅडम, काय झालंय का यंत्राला?"

"अजून नाही," रूपश्री म्हणाली.

त्या दुपारी विनोदकुमारांच्या खोलीत बसून ठरलं. फोनवर योगीराजचं म्हणणं होतं की सहाही यंत्रांच्या वायरी आत्ताच उपसाव्यात. रूपश्री नको म्हणाली. "हे हात आहेत. वाटून देणारा अजून सापडलेला नाही. हात तोडले आणि त्यानं चिडून एकदम सगळी दारं वाजवली तर? आधी बाळांपुढं भिंत घालू या."

भिंत म्हणजे एक डबा, जो ओळखीच्या यंत्रांशिवाय कुणाचीही टकटक आत जाऊ देत नाही. तो बसवायला पडदा थोडा वेळ बंद करावा लागणार होता. बालरोगतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ?" आणि उत्तर ऐकून जास्तीच्या सिस्टरांना बोलावून घेतलं. शनिवारी सकाळी प्रत्येक पेटीपाशी एक जण उभी राहिली. विनोदकुमारांनी वायर काढली, डब्यात घातली, डब्यातून पडद्याला दिली. सगळ्या रेघा गेल्या आणि एकेक करून परत आल्या. विनोदकुमारांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

रविवारी बाह्यरुग्ण विभागाला सुट्टी. विनोदकुमार इंदिरानगरात, रूपश्री होसकोटेला, योगीराज ऑफिसात स्क्रीनपुढे. टोकनचा पडदा, हजेरीचं अंगठ्याचं यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, कॅन्टीनच्या बिलाचा कॉम्प्युटर, औषधांच्या चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर, सभागृहातला प्रोजेक्टरचा पीसी. ज्यांना कुणी कधी कॉम्प्युटर समजलं नव्हतं अशी ही मंडळी. प्रत्येकापाशी एक माणूस उभा करून एकदम सहाही वायरी काढल्या.

रेघ थांबली.

विनोदकुमारांनी फोनवर विचारलं, "झालं की मग. इडली खायला जाऊ का, अक्का?"

"तुम्ही जा. मी बसते थोडी."

चंद्राबाईने तिला चहा आणून दिला. रविवार असून ती आली होती, खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असत म्हणून. ऊन दालनाच्या फरशीवरून सरकत गेलं. दुपार कलायला लागली आणि कानात योगीराजचा आवाज आला. इतका हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"ठिपका आला, अक्का."

"कुठं?"

"जिथं थांबला होता त्याच्या पुढच्या दारावर. बरोब्बर पुढच्या. पण हा पत्ता आपल्या सहात नाही. विनोदअण्णांच्या यादीतबी नाही."

थोड्या वेळाने दुसरा ठिपका आला. मग तिसरा. सहा हात गेले हे त्याला कळलं होतं. तो चिडला नव्हता, पळाला नव्हता. त्याने आपलं उरलेलं काम स्वतःकडे घेतलं होतं आणि त्याच सावकाश चालीने पुढचं दार वाजवायला लागला होता. रूपश्रीच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही. 

"ह्यानंच वाटून दिलं होतं," ती म्हणाली.

विनोदकुमारांनी इडली अर्धी टाकून सगळ्या वायरी जिथे येतात त्या जाळ्याच्या पेटीतून माग काढला. ठिपका होसकोटेच्याच इमारतीतून येत होता, तळमजल्याच्या मागच्या बाजूने. तिथे कुणाची बसायची जागा नव्हती. चंद्राबाई म्हणाली, "तिथं आम्ही जुने पडदे ठेवतो, वॉर्डातले. चला, किल्ली हाय."

खोलीत फिनाईलचा आणि दमट कापडाचा वास होता. घड्या घातलेल्या हिरव्या पडद्यांचा ढीग छातीएवढा. चंद्राबाईने दिवा लावला. रूपश्री म्हणाली, "ऐका." पंख्याची बारीक घरघर येत होती आणि छताचा पंखा तर बंद होता. दोघींनी पडदे बाजूला केले. मागे टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर उभा होता. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. पुढे एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हे चालू हाय व्हय?" चंद्राबाई म्हणाली. "मला वाटलं मोडकं हाय."

टोकनची यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराने तो कधीकाळी कामापुरता ठेवला होता आणि काम झाल्यावर विसरला होता. बाहेरून जोडायची सोय तशीच उघडी, पासवर्ड कारखान्यातून आला तोच. विनोदकुमार नोकरीला लागण्याआधीची गोष्ट. रूपश्रीने त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. तापलेल्या कपाळासारखा गरम लागला. या एवढ्याशा अंधाऱ्या जागेतून, पडद्यांच्या घड्यांमागून, कुणीतरी साऱ्या इमारतीला कान लावून बसला होता. तिने जाळ्याची वायर काढली. वीज चालू ठेवली, म्हणजे त्याच्या आठवणीतलं पुसलं जाणार नाही. फोनवर योगीराज म्हणाला, "थांबलं." या वेळी ते खरंच थांबलं.

सोमवारी त्याची आठवण उतरवून घेतली तेव्हा दोघं तिच्या टेबलापाशी बसले होते. आत हॉस्पिटलचा नकाशा होता. कुठल्या मजल्यावर कुठलं यंत्र, कोण कुणाशी बोलतं, कुठलं जुनं, कुठलं नवं. विनोदकुमारांनी तो बघितला आणि कबूल केलं की त्यांच्याकडेही इतका पुरा नकाशा नाही. योगीराज बघत बघत एका जागी अडकला.

"अक्का, हे सापळे."

कंपनीने हॉस्पिटलच्या जाळ्यात काही खोटी यंत्रंही पेरून ठेवली होती. चोर भुलून त्यांना हात लावील म्हणून. नकाशात त्यांच्यावर खूण होती. त्याने ती ओळखली होती आणि वगळली होती.

"सगळी?" रूपश्रीने विचारलं.

"सगळी. एकालाबी शिवला नाही."

म्हणजे तिने त्याला बघितलं, त्याच्या कितीतरी आधी त्याने त्यांना बघितलं होतं. पण मग तो खाली पेटेत का आला? ती नकाशावर वाकली. खाली पेटेचे पत्ते तिथे होते. त्यांच्यापुढे त्याने लिहिलं होतं, उत्तर नाही, पुन्हा बघणे. सापळे काहीतरी बोलत होते, म्हणून त्याने ओळखले. रिकामी घरं काहीच बोलली नाहीत. आत कुणी गप्प बसलंय की कुणीच नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि त्याचा धीर असा की ठरल्याशिवाय तो दार सोडत नव्हता.

योगीराज खुर्चीत मागे रेलला. "अक्का, मला ह्या कामावर घ्या. साहेबांना सांगतो मी."

"कंटाळशील. काही नसतं इथं."

"चालतंय."

मागचा माग दूरच्या देशातल्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरपर्यंत गेला आणि तोही कुणीतरी बिघडवलेलाच निघाला. तिथून पुढे वाट नव्हती. रीतसर तक्रार झाली, सरकारी यंत्रणेला अहवाल गेला. कोण होता, त्याला काय हवं होतं, ते कळलं नाही. सुनीलकुमारांनी रात्री जेवताना तेच विचारलं, आणि रूपश्रीने सांगितलं की माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. मग ती ताटातला भात कालवत म्हणाली, "पण काय धीर होता हो त्याचा." सुनीलकुमारांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि तिला आणखी सार वाढलं.

महिन्याभराने ती नव्या भिंतीची तपासणी करायला पुन्हा होसकोटेला गेली. टोकनचा पडदा अजून काळाच होता, नवा यायचा होता. त्याच्याखाली स्टुलावर उभी राहून चंद्राबाई नंबर पुकारत होती, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग आपल्या अथणीच्या मराठीत. कुणाची तक्रार नव्हती. उलट एक म्हातारा म्हणत होता, हे बरं आहे, चष्मा लागत नाही.

वरच्या मजल्यावर पवित्राने तिला ओळखलं. पडदा चालू होता, रेघा उठत पडत होत्या. त्यांत घाईतली रेघ नव्हती. रूपश्रीने जागच्या जागी थबकून रिकाम्या पेटीकडे बघितलं.

"काल घरी नेलं," पवित्रा म्हणाली. "नाव पण ठेवलं म्हणे. मला सांगितलं होतं, पण विसरले बघा."